तिसरं ताट

शालनवहिनी गेली तो रविवार होता. सकाळी बंडूचा फोन आला. बंडू म्हणजे माझ्या दादाचा मुलगा. "आत्या, आई गेली..." एवढंच बोलला आणि पुढं नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला. वहिनी पहाटे उठून चहाचं आधण ठेवायला गेली, ओट्याशी बसली ती बसलीच. हृदयाचा झटका. मी फोन खाली ठेवला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की म्हणजे आज मासे नाहीत. आता लोकांना हे सांगितलं तर म्हणतील, काय बाई आहे ही! पण आला खरा. कितीतरी वर्षं माझा रविवार दादाच्या घरी, वहिनीच्या हातच्या माशांवर व्हायचा, आणि रडू फुटायच्या आधी मला तेच आठवलं. रडू नंतर आलं, रिक्षात. रिक्षावाल्यानं आरशात बघून विचारलं, "क्या हुआ बाजी?"

आमचं घर मटणाचं. सोलापुरात आणखी कशाचं असणार? काळं तिखट घातलेला रस्सा, कडक भाकरी, कांदा, झालं. मासा आमच्याकडं कुणाला ठाऊक नव्हता. वहिनी आली केमच्या पलीकडून, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावातून. तिच्या माहेरी दाराशी पाणी आणि पाण्यात जाळी. लग्नानंतर तिच्या भावानं पहिल्यांदा पिशवीतून मासे आणले तेव्हा आमच्या आईनं नाकाला पदर लावला. "घरात शिजवायचं नाही. वास जात नाही." वहिनी नवी नवरी, पण गप्प बसणाऱ्यातली नव्हे. "आत्याबाई," सासूला ती अशीच हाक मारायची, "वास म्हंजे काय, पान्याचाच की. तुमी म्हनाल तर परसात करते." मग परसात तीन दगडांची चूल मांडली गेली, जवळ एक लोखंडी तवा आला, आणि तो तवा घरात यायचा नाही असा नियम झाला. आईनं केलेला नियम वहिनीनं आईच्या माघारीही पाळला. गॅस आला, मिक्सर आला, फरशी बदलली, पण मासा शिजला तो परसात आणि तवा राहिला तो परसातल्या कोनाड्यात. आई मात्र वर्षभरातच चुलीपाशी पाट टाकून बसायला लागली होती, हेही सांगून टाकते.

वहिनी फार गोड स्वभावाची होती वगैरे मी लिहिणार नाही. ती हट्टी होती, तव्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही, आणि फुगून बसली की दोन-दोन दिवस बसायची. माझ्या भाकरीला तिनं जन्मात एकदाही चांगलं म्हटलं नाही. "वन्सं, हिला जरा पानी जास्त झालंय की," हे ठरलेलं. मीही काही कमी नव्हते. मी तिला तिच्या तेलावरून बोलायचे. पण भांडून झालं की जेवायला एकाच पंगतीला.

वर्षातून चार-सहा वेळा आम्ही सगळे उजनीला जायचो. नेहमीची गाडी ठरवायची, भाकऱ्या फडक्यात बांधून घ्यायच्या, शेंगाची चटणी, लिंबं, वहिनीची तिखटाची डबी आणि तिचा तवा. पाण्याच्या कडेला पत्र्याची शेड घातलेलं एक हॉटेल होतं, तिथं आमचा मुक्काम. हॉटेलवाला पाटावर मासे मांडायचा आणि वहिनी एकेकाचे कल्ले उचलून बघायची. डोळा बघायची. मग सरळ त्याच्या भट्टीपाशी. एकदा तो वैतागून म्हणाला, "बाई, हॉटेल तुमचं का माझं?" वहिनी म्हणाली, "हॉटेल तुमचंच हाय की. तवा तेवडा माजा. सरका जरा." तो सरकला. पुढं पुढं आमची गाडी दिसली की आपणहून सरकायचा आणि बाजूला बिडी ओढत बसायचा.

आता काट्यांचं सांगते, कारण खरं सांगायचंय ते तेच. मासे तळून झाले की वहिनी हात धुऊन एक गुडघा वर करून बसायची आणि एकेकाचं ताट पुढं ओढायची. मासा उलगडायचा, मधला काटा सोडवायचा, बारीक काटे बोटांनी चाचपून ताटाच्या कडेला जमा करायचे, मग ताट परत द्यायचं. बंडू लहान असताना त्याचे काढायची ते ठीक होतं. पण बंडूचं लग्न झालं, त्याची बायको मेघा आली, तरी हे चालूच. बंडू चांगला सहा फुटी माणूस, मोठ्या कंपनीत कामाला, आणि आई काटे काढून देतेय म्हणून मांडीवर हात ठेवून वाट बघत बसलाय! मेघाला पहिल्या वेळी हसू आवरेना. दुसऱ्या वेळी तिनंही ताट पुढं केलं. माझं मात्र डोकं फिरायचं. एकदा मी ताट मागं ओढून म्हटलं, "वहिनी, माझ्या ताटाला हात लावू नको. मला काय दात नाहीत की बोटं नाहीत?" तिनं तेव्हा ताट सोडून दिलं. पुढच्या रविवारी परसात आम्ही दोघीच होतो, ती मासे धूत होती, तेव्हा हळूच म्हणाली, "वन्सं, काढू द्या की तुमचं बी. एकाचं काढलं आन् दुसऱ्याचं न्हाय काढलं, तर दिसतंय."

"काय दिसतंय?"

"तुमच्या दादाला काटा दिसत न्हाय."

दादा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तासन् तास बसणारा माणूस, आणि त्या नजरेचा त्याला केवढा ताठा! साखरेनं त्याच्या डोळ्यांचे पडदे खराब होत चालले होते. दुकान बंद केलं तेव्हा त्यानं सगळ्यांना सांगितलं, आता मोबाइल आले, घड्याळं कोण घालतंय. आम्ही मान्य केलं, कारण ते खरंही होतं. घरात त्याचं वावरणं पाठ होतं, त्यामुळं कुणाला पत्ता लागला नाही. पण एका रात्री जेवताना काटा घशात अडकला. कोरड्या भाकरीचे गोळे गिळवून वहिनीनं तो कसाबसा उतरवला. दादा घामानं भिजला होता आणि एकच म्हणत होता, पोरांना सांगू नको. तेव्हापासून तिनं बंडूबरोबर सगळ्यांचेच काटे काढायला घेतले. "त्यांचं एकट्याचं काढलं तर ते जेवायचेच न्हाईत," ती म्हणाली. "आन् पयलं बी काढत न्हाय. पयलं बंडूचं, मग सूनबाईचं, तिसरं त्यांचं. मग तुमचं. मदी असलं की कुनाच्या ध्यानात येत न्हाय. त्यांच्या बी न्हाय." पुढच्या खेपेला मी माझं ताट मुकाट्यानं पुढं केलं. तिनं काटे काढले आणि वर म्हणाली, "बघा, आता कसं!" मला राग आला. पण खाल्लं.

याचा परिणाम असा झाला की आमच्या अख्ख्या घराला काट्याचा मासा खाता येईनासा झाला. बंडू एकदा मित्रांबरोबर जेवायला गेला आणि रहूचा तुकडा बघून त्यानं पनीर मागवलं. असलं खानदान दुसरीकडं सापडायचं नाही.

वहिनीचं सगळं रीतसर झालं. सव्वा महिना उलटला. मेघा बिचारी दादाला म्हणायची, "मामा, मासे आणू का?" दादा म्हणायचा, "नको, मन होत नाही." सगळे समजले, दुःख आहे. होतंच दुःख. पण मला दुसरंही ठाऊक होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. दादा वाळत चालला. वरणभात कालवायचा आणि तोही अर्धा टाकायचा. रविवारी मी गेले की परसाच्या दाराकडं तोंड करून बसलेला असायचा. मला भीती वाटायची की हा असाच एकेक पदार्थ सोडत जाईल आणि शेवटी पंगतीतूनच उठेल.

शेवटी बंडूनंच काढलं, की उजनीला जाऊ, आईला आवडायचं. दादा नको म्हणाला, तरी आम्ही त्याला गाडीत घातलं. भाकऱ्या मी केल्या. मेघानं तिखटाची डबी घेतली आणि बंडूनं कोनाड्यातला तवासुद्धा घेतला. हॉटेलवाला आमची गाडी बघून सवयीनं बाजूला झाला आणि विचारलं, "बाई कुटं हायत?" बंडूनं सांगितलं. त्यानं हातातली बिडी टाकली, तवा मागून घेतला आणि म्हणाला, "आज मी भाजतो. त्यांच्यासारखं व्हायचं न्हाय, पर बसा."

ताटं आली. रहूचे मोठे तुकडे, वर लिंबू. आणि मग कुणीच हात लावेना. बंडू मांडीवर हात ठेवून बसलेला. मेघाही तशीच. दोघांच्या लक्षात एकदमच आलं असावं, कारण मेघानं पटकन मान फिरवून पाण्याकडं बघितलं. वारा होता. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी मोठ्यानं हसत होतं... दादा म्हणाला, "मला भाकरी आणि चटणी बास."

मला राहवलं नाही. मी हात धुतले, सरकून बसले आणि सरळ दादाचंच ताट पुढं ओढायला गेले.

दादानं ताटाच्या कडेवर हात ठेवला. घट्ट. माझ्याकडं नीट बघताही येत नव्हतं त्याला, तो माझ्या खांद्याच्या बाजूला कुठंतरी बघत होता. इतक्या हळू बोलला की मलाच ऐकू आलं असेल.

"आधी बंडूचं. मग सूनबाईचं. माझं तिसरं."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. पहिल्यापासून! ती त्याच्यापासून लपवत होती, आणि तो तिला लपवू देत होता, इतकी वर्षं, एका पंगतीत बसून. मी बंडूचं ताट ओढलं. मला वहिनीसारखं जमत नाही, माशाचा पार चुरा झाला. बंडूनं तो तसाच भाकरीत घेतला. मेघाचं जरा बरं झालं. मग दादाचं घेतलं. बोटांनी दाबून दाबून बघितलं, पुन्हा बघितलं, काटे कडेला लावले आणि ताट त्याच्यापुढं सरकवलं.

पहिले काही घास तो जिभेनं चाचपत होता. मग म्हणाला, "भाकरीला पाणी जास्त झालंय," आणि जेवायला लागला.