दारू न पिणाऱ्याचं लिव्हर

माझ्या थोरल्या भावाचं मिरजगावला खता-बियाण्यांचं दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या पोटात उजव्या बाजूला जड वाटायला लागलं, म्हणून तो आणि वहिनी भिंगारला माझ्याकडे आले. मी त्यांना नगरच्या डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली. रक्तातली चरबीही वाढलेली होती.

"दारू किती घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"थेंब न्हाई," दादा म्हणाला.

वहिनीने मान खाली घातली. तिचे वडील दारूपायीच गेले होते.

"आणि गोड?"

"मिठाईला हातबी लावत न्हाई."

"खाण्याचं सोडा, पिण्यातलं सांगा."

मग एकेक बाहेर आलं. गिऱ्हाईक आलं की चहा, त्याच्याबरोबर दादालाही. दुपारी कोल्ड्रिंकची थंड बाटली, संध्याकाळी उसाचा रस. डॉक्टर म्हणाले की साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि तो मुख्यतः लिव्हरलाच निस्तरावा लागतो. रोज जास्त झाला की तिथे त्याची चरबी होते, पुढे मधुमेह आणि हृदयाचं दुखणं मागे लागू शकतं. प्यायलेल्या साखरेने पोट भरल्यासारखंही वाटत नाही, म्हणून ती किती गेली ते कळत नाही.

वहिनीला हे पटलं नाही. घरी भाकरी थापताना ती मला म्हणाली, "ताई, दुकानात दिवसभर काय चालतं, मला काय ठावं? माझ्या बापाचं 'थेंब न्हाई' आईबी असंच खरं मानायची."

गावी गेल्यावर ती डबा द्यायच्या निमित्ताने दुकानात जाऊन बसायला लागली. आठवडाभराने तिचा फोन आला. आवाज मोकळा होता. "दारू न्हाई वो ताई. नुसता चहा. माणूस उठला की दुसरा येतो, आन् ह्यांचा कप भरलेलाच."

तिने दुकानात बिनसाखरेच्या चहाचा थर्मास ठेवला. पहिले काही दिवस दादा चिडचिडा झाला, डोकं दुखतं म्हणायचा. बाटल्या आणि रस बंद झाला, संध्याकाळी दोघं हायवेच्या कडेने चालायला लागले. दिवाळीनंतरच्या तपासणीत रक्तातली चरबी उतरली होती, लिव्हरही सुधारलं होतं.

लिव्हरची बातमी मात्र गावभर झाली होती. परवा मी गेले तेव्हा एक म्हातारे शेतकरी दादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सोडलीस ते लई बरं केलंस बाबा."

दादाने त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला. वहिनीच म्हणाली, "साखर सोडली ह्यांनी, आजोबा."

"व्हय, व्हय," म्हणत ते समजूतदारपणे हसले आणि युरियाची चौकशी करायला लागले.