स्पिरिट, गॅस की कोळसा?

वाफोबांचं इंजिन चार वर्षांत चाकांपासून शिट्टीपर्यंत तयार झालं होतं. अडलं होतं ते पोटाशी. हातभर लांबीचं ते आगगाडीचं इंजिन खऱ्या वाफेवर धावणार होतं, म्हणजे त्याला खरा बॉयलर हवा आणि बॉयलरला खरा जाळ. जाळ कशाचा हे ठरल्याशिवाय तांब्याचा पत्रा कापता येईना. स्पिरिटच्या वातींसाठी बॉयलरची घडण एक, गॅसच्या बर्नरसाठी दुसरी, कोळशाच्या भट्टीसाठी तिसरी. एकदा चांदीचा झाळ लावून सांधे जोडले की मन बदलायची सोय नाही.

वाफोबा हे नाव त्यांना इस्पितळाच्या धुलाईखात्यात मिळालं. तिथला बॉयलर त्यांनी चौतीस वर्षं सांभाळला. आधी कोळसा होता, मग तेलाची टाकी आली, पुढे गॅसचा पाइप. दर वेळी वरून कागद यायचा आणि वाफोबा मान डोलवायचे. कोणतं इंधन बरं, असं त्यांना उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं. आता विचारणारे तेच आणि उत्तर देणारेही तेच, आणि दोघांनाही काही सुचत नव्हतं.

रविवारी सकाळी अशी छोटी इंजिनं चालवणारी हौशी मंडळी एका बंद गोदामामागे जमायची. तिथे कंबरेच्या उंचीवर, लाकडी मांडणीवर रूळ टाकलेले होते. वाफोबांनी तिथे सल्ला विचारला आणि पुरते फसले. दंतवैद्य गॅसवाले. त्यांचं म्हणणं, नळी जोडावी, काडी लावावी, हात काळे होत नाहीत. शिंपी स्पिरिटचा भक्त. त्याच्या मते वातीत बिघडण्यासारखं काही नसतंच. आणि निवृत्त मुख्याध्यापिकाबाई कोळशाच्या. कोळसा नसेल तर ते इंजिन नव्हे, चाकं लावलेली किटली, असं त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. वाफोबांना दंतवैद्यांचं बोलणं पटलं, मग शिंप्याचं पटलं, मग बाईंचं. घरी येईपर्यंत तिघेही डोक्यात एकदम बोलायला लागले होते.

शेवटी त्यांनी गॅलरीत पाण्याचे तीन डबे मांडले आणि एकेक जाळ लावून बघायचं ठरवलं.

पहिला स्पिरिटचा. ओतताना थोडं सांडलं, ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. वात पेटवून ते घड्याळाकडे बघत बसले. त्यांची बायको कपडे वाळत घालायला आली, तेव्हा तिला पायपुसण्याची कड आपोआप तपकिरी होताना दिसली. तिने हातातला ओला टॉवेल त्यावर टाकला. भर उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही, हे वाफोबांना माहीत होतं. पण ती तपकिरी कडही त्यांना दिसली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि ऑपरेशन त्यांनी दोनदा पुढे ढकललं होतं.

दुसऱ्या दिवशी गॅस. पाणी झटक्यात उकळलं. वाफोबा खूश होऊन बायकोला दाखवायला घेऊन आले. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, कान तिखट. उंबऱ्यातच थांबून ती म्हणाली, "हे विझलंय."

"चालू आहे की."

"सूं आवाज थांबलाय. नुसता गॅस येतोय. आधी बंद करा."

त्यांनी कॉक फिरवला. तो आवाज त्यांना सुरू झालेलाही कळला नव्हता, थांबलेलाही नाही. बॉयलरच्या पंख्याशेजारी चौतीस वर्षं काढल्यावर कान तेवढेच उरले होते.

तिसऱ्या दिवशी कोळसा. हरभऱ्याएवढे तुकडे करण्यात सकाळ गेली. जाळ तीनदा विझला, शेजारणीची चादर काळी झाली, तिची माफी मागावी लागली. चौथ्यांदा मात्र निखारे धरले. तो लाल रंग त्यांना धूसर का होईना, दिसत होता. ते बराच वेळ वाकून बघत राहिले आणि मग उलट जास्तच गोंधळले.

बायकोने विचारलं, "तुम्हाला कोळसाच हवाय ना?"

"तेच कळत नाही. दिसतो म्हणून पटतोय, की जुनी सवय म्हणून?"

"मला काय ठाऊक? पण बाकीच्या दोघांना माझे डोळे नाहीतर माझे कान लागतील. मी काही दर रविवारी गोदामामागे येऊन उभी राहणार नाही."

वाफोबांनी कोळशाच्या मापाने पत्रा कापला. कापतानाही हात दोनदा थांबला. दोन महिन्यांनी बॉयलर जोडून झाला, मुख्याध्यापिकाबाईंनी पंपाने पाण्याचा दाब देऊन तपासून दिला, आणि एका रविवारी इंजिन रुळावर चढलं. बायको म्हणाली होती येणार नाही, पण आली.

दीड फेरी झाली आणि इंजिन वळणावर थांबलं. भट्टीच्या जाळीत राख गच्च बसली होती. दंतवैद्य हळूच म्हणाले की, नवा बॉयलर करायचा झाला तर गॅसचे नकाशे देईन. शिंप्याने वातींची आठवण करून दिली. बाईंनी तुकडे जरा मोठे घ्यायला सांगितले. वाफोबांना पुन्हा तिघांचंही पटलं.

परतताना त्यांनी बायकोला विचारलं, "धुराड्याचा आवाज कसा होता?"

तिने चालता चालता त्यांच्या मनगटावर बोटं आपटून दाखवली. चार ठोके, पहिला जोराचा, असं सरळ रुळावर. मग वळणावर संथ होत गेलेले. त्यांनी तिला पुन्हा करायला लावलं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत तिने तीनदा केलं.

आता इंजिन एका दमात सहा फेऱ्या मारतं, मधे जाळी हलवावी लागते. वाफोबांनी मोतीबिंदूची तारीख घेतली आहे. दंतवैद्यांचं इंजिन शेजारून सुळकन गेलं की मात्र त्यांना अजून वाटतं, आपण चुकलो की काय, आणि ते चमच्याएवढ्या फावड्यात घेतलेला कोळसा तसाच हातात धरून उभे राहतात.