बायकांशिवायची होळी

बायकांशिवायची ती होळी मला आजही आठवते. मुरबाड तालुक्यात नेमणुकीला होतो. शिमग्याच्या बंदोबस्तात संध्याकाळी गावांना चक्कर मारायचा आमचा शिरस्ता. एका कातकरी वाडीवर जीप थांबवली. होळी पेटली होती, ढोल वाजत होता, पण फेरात नुसते पुरुष. या वाड्यांवर फेर बायकांचा, गाणंही त्यांचंच. कामासाठी कुठंही पांगलेली माणसं होळीला जोडीनं घरी येतात, हे मी इतकी वर्षं पाहत आलो होतो.

बायका कुठं आहेत, असं विचारल्यावर पुरुष ढोलाकडं बघायला लागले. बाजेवर एक आजारी म्हातारी बसवली होती. ती मात्र बोलली. "भट्टीवर हायत. शेठ बाप्यांना सोडतो, बायांना नाय सोडत. माजी पोर दिवाळीनंतर गेली ती बघितलीच नाय. मी आता किती दीस हाय, सायेब?"

तिचा जावई तिथंच होता. त्याला बाजूला घेतलं तर काही विचारायच्या आधीच म्हणाला, राजीखुशीनं काम करतो, तक्रार नाय. ज्याला खरंच तक्रार नसते तो असं आपण होऊन सांगत बसत नाही. माझी खात्री पटली.

वीटभट्टी किन्हवलीकडं, शहापूर तालुक्यात, म्हणजे दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत. तिथल्या अधिकाऱ्याला कळवलं, स्टेशन डायरीत नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी तहसीलदार, महिला पोलीस आणि पंच घेऊन आम्ही भट्टीवर पोहोचलो. जावई तोवर मुकाट कामावर परतला होता.

मालक मोठा तयारीचा गडी. आम्ही बसतो न बसतो तोच चहा मागवला आणि सांगून टाकलं की, त्याच्या विटा कल्याणकडच्या एका बड्या बांधकाम कंपनीला जातात आणि त्या कंपनीचा माणूस भट्टी तपासून गेलाय. "कुंपण नाय, कुलूप नाय. बघा तुमी." खरंच नव्हतं. मजुरांना एकेक करून विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, राजीखुशीनं. म्हातारीची लेक चिखलाचे हात पदराला पुसत आली. तीही तेच म्हणाली, पण आई वाट बघतेय म्हटल्यावर तिनं तोंड फिरवलं. मला संताप आला. पोलिसाला संताप आला की त्यानं आवाज खाली आणावा, असं माझं मत आहे.

मी मालकाला म्हणालो, "छान. मग ही आणि हिचा नवरा, दोघं मिळून दुपारच्या एसटीनं वाडीवर जातील. म्हातारी आजारी आहे."

त्याचा कप हातातच राहिला. "दोघं कशी सोडू, सायेब? मग परत कोन येनार? उचल घेतलीय त्यांनी. एकानं हितं ऱ्हायाचंच, भट्टीची रीतच हाय ती."

पंच आणि तहसीलदार समोर बसलेले. मी दरडावलं नव्हतं, हात उगारणं तर दूरच. कबुली देतोय असं त्याच्या मनातही नव्हतं. तो बिचारा आपल्या धंद्याची पद्धत समजावून सांगत होता. ते ऐकून लेकीला धीर आला. "आमी दोघं जोडीनं भट्टीभाईर गेलोच नाय, सायेब," ती म्हणाली. "कायम एक जन गहाण." मग बाकीचेही बोलू लागले. जबाब झाले, वेठबिगारीचा गुन्हा दाखल झाला. मुक्तीचे दाखले पुढं मिळाले, पण ती दोघं त्याच दिवशी आमच्या जीपमधून वाडीवर गेली. म्हातारीनं लेकीचा चेहरा कितीतरी वेळ चाचपला. मी उगाच जीपचं चाक तपासायला गेलो, कारण माझे डोळे हवालदाराला दिसायला नको होते.

पुढं त्या कंपनीचा तपासणीवाला तरुण ठाण्यात आला. मनापासून ओशाळला होता. सगळं तर बघितलं होतं, मग चुकलं कुठं, असं विचारत होता. मी सांगितलं, कुलूप शोधू नका. नवराबायकोला एकदम सुट्टी मिळते का, ते विचारा. भट्टीवर खरं कळलं नाही, तर होळीला वाडीवर या.

पुढच्या शिमग्याला तो खरंच आला, बूट घालून अवघडून उभा राहिला. म्हातारी पावसाळ्यात गेली होती, लेकीच्या मांडीवर. फेरात सगळ्या बायका होत्या आणि गाणं लेकीनं धरलं होतं.