मामांचं बावन्न आठवड्यांचं वर्ष

सोनगीरपासून धुळ्यापर्यंत माझ्या बायकोच्या मामांइतका हट्टी माणूस शोधून सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो मामांचाच विद्यार्थी निघेल. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ वर्ष महिन्यांत मोजत नाहीत. त्यांचं वर्ष बावन्न आठवड्यांचं. आधी ताकदीचे आठवडे, मग वेगाचे, मग स्पर्धेचे आणि शेवटी विश्रांतीचे. माझी मुलगी दोनशे मीटर पळायला लागली आणि हे वर्ष आमच्या धुळ्याच्या घरात मुक्कामाला आलं.

ताकदीच्या आठवड्यांत तिने पाठीवर वाळूची पिशवी घेऊन बैठका मारायच्या, सोनगीरच्या किल्ल्याची चढण पळत चढायची, आणि मी मोटारसायकलवरून तिला तिथवर पोचवायचं. वेगाच्या आठवड्यांत तीस मीटर जीव तोडून पळायचं आणि मग चार मिनिटं नुसतं उभं राहायचं. "उभं राहणं हासुद्धा सरावच आहे, जावईबापू," असं ते मला ऐकवत. पिंपळनेरला माझ्या पुतणीचं लग्न नेमकं वेगाच्या आठवड्यात आलं. मामांनी माझ्या थोरल्या भावाला फोन करून, तारीख थोडी पुढे ढकलता येईल का, असं शांतपणे विचारलं. भाऊ अजून माझ्याशी नीट बोलत नाही. शेवटी मामा स्वतः लग्नाला आले, आणि अक्षता पडल्यावर, पंगत बसायच्या आत, माझ्या मुलीला घागरा बदलायला लावून मंडपामागच्या शेतरस्त्यावर सहा वेळा पळवलं. अर्धं वऱ्हाड नवरा-नवरीला सोडून तिकडेच बघत होतं.

हेही मी सोसलं. पण विभागीय स्पर्धेला दहा दिवस उरले आणि मामांनी सराव एकदम निम्म्यावर आणला. बाकीच्या मुली मैदानावर घाम गाळताहेत आणि आमची घरी लोळतेय. मी चिडून फोन केला, तर म्हणाले, "वर्षभराची मेहनत अंगात मुरू द्या." मला ते पटलं नाही. त्यांना न सांगता मी मुलीला दोन दिवस मैदानावर नेलं आणि पूर्ण जोर लावून पळायला लावलं. दुसऱ्या दिवशी ती मधेच मांडी धरून खाली बसली. स्नायू दुखावला होता. स्पर्धा गेली.

मामा मिळेल त्या एसटीने आले. मी सगळं कबूल केलं आणि बोलणी खायच्या तयारीने उभा राहिलो. ते तिच्या पायाशी बसले, तिला पाऊल हळूहळू हलवायला लावलं, रडू दिलं. मग माझ्याशी एरवी शाळेतलं मराठी बोलणारा हा माणूस अहिराणीत म्हणाला, "चूक मनी शे. पोरले बठ्ठं समजाडं, बापले समजाडानं राही गयं." आणि चूक अशी स्वतःकडे घेऊन, समजावायचं राहून गेलेल्या या बापाला समोर बसवून त्यांनी पुढचं अख्खं वर्ष समजावलं. अडीच तास. मधे चहासुद्धा घेऊ दिला नाही.

त्या पुढच्या वर्षी ती विभागात दुसरी आली. मामांनी तिला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि उद्यापासून विश्रांती असं जाहीर केलं.

आता ती शिकायला नाशिकला असते. तिथे तिला दुसरे प्रशिक्षक आहेत. मामांनी सध्या माझे गुडघे ताब्यात घेतले आहेत. दर रविवारी येतात आणि माझी कुरकुर न ऐकता मला मैदानावर चालवतात. चालता चालता कधी ते मधेच थांबतात आणि रिकाम्या धावपट्टीकडे बघत राहतात. अशा वेळी मी त्यांना "चला" म्हणत नाही.