कागदातली गोडी

अक्काच्या नवऱ्याच्या विम्याचे कागद माझ्या हाती आले, तेव्हा अवघड शब्दांनी मला काहीच त्रास दिला नाही. ते मी एकेक करून डिक्शनरीत पाहिले. प्रीमियम म्हणजे दर सहा महिन्यांनी भरायचा हप्ता. नॉमिनी म्हणजे आपल्यामागे पैसे ज्याच्या हाती द्यावेत म्हणून आपण नाव लिहून ठेवतो, तो माणूस. तिथे अक्काचं नाव होतं. बोनसला मात्र मला मराठी शब्द सापडेना. अक्का म्हणाली, "बाजारात मापून झाल्यावर वर एक मूठ टाकतेत, तसं व्हय?" मी हो म्हटलं. याहून चांगला अर्थ मला अजून मिळालेला नाही.

अक्का माझी थोरली बहीण, भालकीजवळ खटकचिंचोळीत दिलेली. मी मामांकडे सिकंदराबादेत राहून मिशनच्या शाळेत शिकले. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. दाजी वारले तेव्हा मला तिच्या सोबतीला पाठवलं ते खरं तर या कागदांसाठीच. विम्याच्या पैशातून अक्काला एकच गोष्ट करायची होती. बीदरला एक खोली घ्यायची आणि लेकीला तिथल्या मुलींच्या शाळेत घालायचं. लेक आठ वर्षांची होऊन गेली होती.

मुंबईच्या कंपनीचं पहिलं पत्र आलं तेव्हा ओसरीवर अक्का होती आणि दाजींचे धाकटे भाऊ होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. माणसांसमोर मोठ्यानं वाचायचं म्हटलं की मला कधी संपतंय असं होतं. पत्र चार ओळींचं होतं, डिक्शनरी उघडावी असा शब्द त्यात नव्हता, म्हणून मी भरकन सांगून मोकळी झाले. मयताच्या भावाला या पॉलिसीत इंटरेस्ट नाही असं आम्ही समजतो, तसं त्यांनी लिहून द्यावं, असं कंपनी म्हणत होती. इंटरेस्ट हा शब्द मला शाळेच्या प्रगतिपुस्तकातून ठाऊक होता. गणितात हिला इंटरेस्ट नाही, असं माझ्याबद्दल दरवर्षी लिहिलेलं असे.

"अण्णांना या कागदात गोडी नाही, असं लिहून मागितलंय," मी म्हणाले.

"कागदात कसली गोडी? गूळ लावलाय का त्याला?" अक्का म्हणाली.

अण्णा हसले नाहीत. "मला गोडी न्हाई? कोण सांगितलंय त्येंला?"

"ते तसं समजून चाललेत."

"माझ्या भावाचा कागद, आन् म्या लिहून देऊ, मला त्याची गोडी न्हाई म्हणून? गावात तोंड दाखवू का नको? लिही तू. मला पुरी गोडी हाय, आन् शेवटपर्यंत ऱ्हाईल."

मी माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं. अण्णांनी खाली मोडीत सही केली आणि दुसऱ्या दिवशी भालकीला जाऊन पत्र स्वतः टपालात टाकलं.

महिन्याभरानं उत्तर आलं. मयताच्या भावानं पूर्ण इंटरेस्ट सांगितल्यामुळे, कोर्टाकडून वारसाचा दाखला येईपर्यंत रक्कम थांबवली आहे. मी ते कुणाला वाचून दाखवण्याआधी परसात जाऊन डिक्शनरी उघडली. पहिला अर्थ गोडी. दुसरा व्याज. तिसरा हक्क, वाटा. तिसऱ्या ओळीपर्यंत पोचायला मला एक महिना लागला होता.

सांगितलं ते मी अर्धंच. पैसे थांबवलेत, कोर्टाचा कागद हवाय. "कामून थांबवले?" अक्कानं विचारलं. कळत नाही, मी म्हणाले. अण्णांनी पत्र मागून घेतलं आणि भालकीत एका वकिलाच्या कारकुनाला दाखवून आले. आल्या आल्या अक्कानं विचारलं.

"काय म्हणाला कारकून?"

"बघू."

पुढे कितीतरी दिवस 'बघू'च्या पलीकडे काही निघालं नाही. शाळा सुरू होऊन गेल्या. बीदरला न्यायची म्हणून पोत्यात बांधलेली भांडी अक्कानं एकेक करून परत फळीवर लावली. मी मदतीला उठले नाही. तिच्याकडे बघवत नव्हतं.

एका दुपारी अण्णा अंगणात अंबाडीचा दोर वळत होते. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून मला हाक मारली. टोक हातात असलं की निघून जाता येत नाही.

"अण्णा, त्या शब्दाचा अर्थ मी चुकीचा सांगितला," मी म्हणाले. "तिथं गोडी नव्हतं. हक्क होतं."

ते वळत राहिले. "ठावं हाय. कारकून बोललाय."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत."

"तू तरी कुठं बोललीस?"

दोर ताणला गेला तशी मी एक पाऊल पुढे सरकले.

"कारकून म्हणाला, दावा लावला तर मला अर्धं निघंल," ते म्हणाले. "आदी डोक्यात बी नव्हतं. ऐकल्यावर मग जाईना." मग पीळ घट्ट करत म्हणाले, "नाव तिचंच हाय न्हवं त्यात?"

"दाजींनी स्वतः लिहिलंय."

"मग हक्क न्हाई म्हणून लिही. पर खाली दुसरी वळ लिही, भावाची माया हाय म्हणून. दोन्हीला त्योच शब्द घालू नको बाई."

मी दोन वेगळे शब्द शोधून लिहिलं. त्याला एक सबंध संध्याकाळ लागली. त्याच रात्री गोडी आणि हक्काचा घोळ मी अक्कालाही सांगितला.

पैसे हिवाळ्यात आले. कंपनीचे इंग्रजी कलदार रुपये निजामाच्या हाली रुपयांत बदलून घेतले, खोली मिळाली. भाची पुढच्या वर्षी शाळेत बसली, वर्गात सगळ्यांहून डोकंभर उंच. ती आजही शेवटच्या ओळीत बसते. पैशांनंतर कंपनीचं आणखी एक पत्र आलं होतं. आता या पॉलिसीत तुमचा काही इंटरेस्ट उरलेला नाही, असं त्यात अक्काला लिहिलं होतं. अर्थ माहीत असूनही मी डिक्शनरी काढली.

"काय म्हणायलेत?"

"संपलं म्हणतात."

"हक्क का गोडी?"

"हक्क."

अक्कानं पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि दाजींच्या टोपीखाली पेटीत ठेवून दिलं.