मूठभर जास्तीचं खाद्य

प्रयोगशाळेत सगळे तिला काकू म्हणत, तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्या, प्रयोगशाळा चालवणाऱ्या मोठ्या बाईसुद्धा. एकोणीस वर्षं तिने उंदरांचे पिंजरे धुतले, भुसा बदलला आणि त्यांना नातवंडांसारखं दटावलं. तिथे कोकेनचं व्यसन सोडवणारं औषध शोधत होते. एका खोलीतल्या उंदरांना दांडी दाबली की नळीतून कोकेन मिळे, शेजारच्या खोलीतल्यांना खाद्याची गोळी. औषध दिल्यावर पहिल्यांनी दांडी सोडायची, दुसऱ्यांनी नाही, तर ते औषध कामाचं. दोघांनीही सोडली, तर ते नुसती सुस्ती आणतं. अशी बावीस औषधं पाण्यात गेली होती.

तेविसाव्याला कोकेनवाल्यांनी दांडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मोठ्या बाई चक्क शीळ घालू लागल्या. मग शेजारच्या खोलीत गेल्या, तर तिथलेही नवाबासारखे लोळत पडलेले. बाईंनी फुली मारायला लाल पेन काढलं.

काकूला सकाळची गोष्ट आठवली. खाद्याच्या उंदरांना चाचणीआधी अर्धपोटी ठेवायचं असा नियम होता, आणि त्या सकाळी तिनेच, जीव कळवळला म्हणून, प्रत्येकाला मूठभर जास्त घातलं होतं. निवृत्तीला सात महिने उरले होते. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण तिचा धाकटा भाऊ याच व्यसनापायी तिसऱ्यांदा व्यसनमुक्ती केंद्रात होता.

"बाई, ते सुस्त नाहीत. पोट भरलंय त्यांचं. मीच भरलंय."

बाईंचा पारा असा चढला की शेजारच्या इमारतीतले लोक खिडकीत आले. काकूला लेखी ताकीद मिळाली, पण फुली टळली. पुन्हा चाचणी लागली, आणि या वेळी खाद्याच्या कपाटाची किल्ली बाईंच्या खिशात होती.

खाद्याचे उंदीर दांडीवर अक्षरशः तुटून पडले. कोकेनवाले मात्र कोपऱ्यात बसून मजेत अंग चाटत होते. काकूला आनंदाने रडूच फुटलं. बाईंनी ताकीदपत्र फाडलं नाही, चूक ती चूक म्हणाल्या. पण ती काकूंनी आपणहून सांगितली म्हणून हे औषध वाचलं, असं अहवालात स्वतःच्या हाताने लिहिलं.

संध्याकाळी तिने भावाला फोन केला. ते औषध मला कधी मिळणार, असं त्याने विचारलं. अजून माणसांवर चाचण्या व्हायच्यात, वर्षं लागतील, तिने खरं ते सांगितलं.

"तोवर टिकून राहा रे," ती म्हणाली. "आता वाट बघावी असं काहीतरी आहे."