सदर पत्त्यावर परदेशी महिला आढळून आली नाही

माझी बायको पोलंडची. अमरावतीत आमच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत आहे आणि आता कुणाला त्याचं काही वाटतही नाही. सुरुवातीला लोक तिला बघायला यायचे, नंतर तिच्या हातची पाटवडी खायला यायला लागले, आणि हल्ली ती भाजीवाल्याशी भांडते तेव्हा खिडकीतून कुणी डोकावतही नाही. इतकी वर्षं इथं काढल्यावर तिला भारताचं नागरिकत्व मिळावं म्हणून आम्ही अर्ज केला. सरकारनं लेखी कळवलं की ही बाई इथं राहतच नाही.

अर्ज करायचं तिनंच ठरवलं होतं. दर काही काळानं तिला इथं राहण्याची परवानगी वाढवून घ्यावी लागायची. फोटो, घराचा पुरावा, लग्नाचा दाखला, शिवाय मी तिला सांभाळतो असं माझ्या सहीचं पत्र. प्रत्यक्षात ती घरी बसून परदेशी कंपन्यांचे कागद भाषांतरित करते आणि माझ्या कॉलेजच्या पगारापेक्षा तिचं बरं चालतं, त्यामुळे त्या पत्राखाली सही करताना माझा हात दरवेळी अडखळायचा. एकदा असंच सगळं स्कॅन करत असताना तिनं लॅपटॉप धाडकन मिटला आणि म्हणाली, "माह्याच घरात राहाची परवानगी मागून मागून मले कंटाया आला."

तिची मराठी ही अशी. ती माझ्या आईकडून शिकली आणि माझी आई शुद्ध वऱ्हाडी बोलते.

नागरिकत्व मिळालं की ही दरवेळची कटकट कायमची संपणार होती. पण त्यासाठी पोलंडचा पासपोर्ट सोडून द्यावा लागणार होता. म्हणजे पुढं आपल्याच आईला भेटायला जायचं तर व्हिसा. तिनं अर्ज बरेच दिवस कोराच ठेवला. मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाली, भर अर्ज. मी भरला.

आता घोळ कुठं झाला ते सांगतो. आमचं लग्न अकोल्याला झालं, कारण आईचं माहेर तेल्हाऱ्याकडचं हिवरखेड आणि माझे सगळे मामा आता अकोल्यात. लग्न लागल्यावर आपल्याकडे ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवरीचं नवं नाव लिहितो. हल्ली पुष्कळ घरांत हे निव्वळ हौसेपुरतं असतं, फोटो काढायचे आणि तांदूळ भातात टाकायचे. पण आमच्या आईला हौसेपुरतं काही करताच येत नाही. शिवाय सुनेच्या मूळ नावात चार व्यंजनं एकाला एक चिकटून उभी, मध्ये स्वराला पाय ठेवायला जागा नाही. आईनं ते एकदा म्हणून पाहिलं, पाणी प्यायली आणि मग स्वतःच्या पसंतीचं एक छान मराठी नाव सुचवलं. मी ते तांदळात लिहिलं, बायकोला ते भलतंच आवडलं, आणि आमच्या दृष्टीनं विषय संपला.

आईच्या दृष्टीनं तो तिथून सुरू झाला. गॅसच्या पुस्तकावर नवं नाव, महिला बचत गटात नवं नाव, दारावरच्या पाटीवर, गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर आणि नांदगाव खंडेश्वरला आमचं शेत आहे तिथल्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या फरशीवरसुद्धा नवं नाव. जुनं नाव राहिलं फक्त पासपोर्टात, लग्नाच्या दाखल्यात आणि सरकारी अर्जात. गल्लीत तर ते कुणी कधी ऐकलंच नव्हतं.

अर्जानंतर पोलीस चौकशी होते. हवालदार आले त्या दिवशी आई, बायको आणि मी, आम्ही तिघंही अकोल्याला मामांकडे जेवायला गेलो होतो. दाराला कुलूप. त्यांनी शेजारच्या काकूंना विचारलं. या काकू म्हणजे गल्लीच्या कारभारीण. पोलीस दारात उभा, हातात कागद, आणि कागदावर कुणा विदेशी बाईचं नाव, तेही असं की म्हणता येत नाही. काकूंनी ओळखलं की कुणीतरी आपल्या शेजाऱ्यांवर बालंट आणतंय. त्या ठामपणे म्हणाल्या की अशी कोणी बाई इथं राहत नाही आणि कधी राहिलेली नाही. हवालदार चिकाटीचे. त्यांनी विचारलं, मग या घरात कोण राहतं? काकूंनी आम्हा तिघांची नावं सांगितली. सुनेचं अर्थातच आईनं ठेवलेलं नाव. ती सून विदेशी आहे काय, असंही त्यांनी विचारलं म्हणे. त्यावर काकू जे बोलल्या ते त्यांनी नंतर आम्हाला मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"ते कायची विदेशी? ते तं आपलीच हाय."

हवालदारांनी अहवालात लिहिलं, सदर पत्त्यावर परदेशी महिला आढळून आली नाही. काही आठवड्यांनी नोटीस आली की अर्जदार दिलेल्या पत्त्यावर वास्तव्यास नसल्यानं अर्ज नामंजूर का करू नये, याचा खुलासा करावा.

मी काकूंवर तणतणत गेलो. त्यांनी मला बसवलं, ताक दिलं आणि विचारलं की मी काय खोटं बोलली? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी ताक पिऊन परत आलो.

मग कचेरी. खुलासा म्हणून मी घरातले सगळे कागद गोळा केले, गॅसचं पुस्तक, बचत गटाचं पासबुक, देवळातल्या फरशीचा मोबाइलवर काढलेला फोटो. बाबूंनी सगळं शांतपणे पाहिलं आणि सांगितलं की यावरून तुमच्या घरी एक बाई राहते हे नक्की सिद्ध होतं, पण ती दुसरी. मी म्हणालो, अहो, दोघी एकच आहेत. ते म्हणाले, तसा कागद आणा. मग आवाज खाली आणून त्यांनी मला आपुलकीनं विचारलं की पहिली पोलंडला परत गेली आणि मग तुम्ही ही केली, असं तर काही नाही ना? असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे वाट काढता येईल.

माझी बायको माझ्या शेजारीच उभी होती. उन्हाचा स्कार्फ तिनं तोंडाला गुंडाळलेला होता, आमच्याकडे सगळ्याच बायका गुंडाळतात तसा. ती म्हणाली की पहिली बी मीच अन् दुसरी बी मीच. बाबू माझ्याकडे वळून म्हणाले, या बाईंना कशाला आणलं, त्या विदेशी बाईंना आणा ना. तिनं स्कार्फ सोडला. बाबूंनी तिचा चेहरा पाहिला, पासपोर्टवरचा फोटो पाहिला आणि खुर्ची दिली. पण कागद तरीही मागितलाच.

असा कागद कुठं मिळतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, म्हणून आम्ही वकिलाच्या घराची चढलो. अकोल्यात ज्या गुरुजींनी आमचं लग्न लावलं त्यांचे थोरले भाऊ वकील आहेत. एकच घर, पुढच्या खोलीत वकिली, मागच्या खोलीत पूजा सांगायला येणारे लोक. उन्हाळा असा की दोन्ही खोल्यांत मिळून एकच कूलर आणि दोन्हीकडचे पक्षकार त्याच्याचसमोर. वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला की जिनं नाव ठेवलं तिनंच शपथेवर सांगावं, आणि ज्यानं विधी केला त्यानं साक्षीदार म्हणून सही करावी.

गुरुजींना सगळं आठवत होतं. माझं अक्षर इतकं वाईट होतं की तांदूळ पुन्हा सारखे करून नाव दुसऱ्यांदा लिहायला लावलं होतं, हेही. ते प्रतिज्ञापत्रात घ्यावं असा त्यांचा आग्रह होता. वकीलसाहेब म्हणाले, नको, पहिल्यांदा काय लिहिलं होतं असं कुणी विचारलं तर तिसरी बाई निघेल. दोघा भावांचं यावर बरंच वाजलं. शेवटी मुहूर्त घालायचा आणि अक्षर गाळायचं असं ठरलं.

प्रतिज्ञापत्र दिलं तरी कचेरीतल्या साहेबांनी आईला समक्ष बोलावलं. साहेब पुण्याकडचे, वयानं तरुण, बोलणं अगदी मृदू. आईनं जरीकाठाचं लुगडं नेसलं होतं, लग्नाला निघाल्यासारखं. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, काहून बोलावलं ते सांगा. काहून म्हणजे का, आमच्याकडे हे साधं बोलणं आहे. साहेब मात्र सावरून बसले. मग माझ्या बायकोकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं की या बाईंना तुम्ही ओळखता का. आई म्हणाली, रोज सकाळी हिच्या हातचा चहा पेते, अजून कशी ओळखू?

मला वाटलं झालं. इतक्या दिवसांची मेहनत आईच्या एका वाक्यात वाहून गेली आणि आता बायकोला जन्मभर फोटो स्कॅन करत बसावं लागणार. पण साहेब चिडले नाहीत. त्यांना खरंच कुतूहल वाटत असावं.

"एवढ्या शिकलेल्या बाईचं नाव तुम्ही कशाला बदललंत?" त्यांनी विचारलं.

"रीत हाय म्हनून," आई म्हणाली. "माहं बी बदललं होतं. तवा मले कोनी कागद नाई मागितला."

"तुमचं आधीचं नाव काय होतं?"

मला वाटलं आईला ऐकू आलं नाही म्हणून मी प्रश्न मोठ्यानं सांगायला लागलो, तर तिनं हात वर करून मला थांबवलं. मग, शाळेत मास्तरांनी हजेरी घेताना मुलगी बोलते तशा बारीक आवाजात तिनं एक नाव सांगितलं.

ते मी कधी ऐकलेलं नव्हतं. मामा तिला बाई म्हणतात, भाचरं आत्या म्हणतात, वडिलांनी तर नावानं हाक मारायचा प्रश्नच नव्हता. आईला लग्नाआधी दुसरं नाव असणार हे मला कळायला हवं होतं, तशी रीतच आहे, पण चाळिशी ओलांडेपर्यंत ते माझ्या डोक्यात आलंच नाही. सुनेनं मात्र लगेच विचारलं की इतकं चांगलं नाव कोणी ठेवलं होतं. आई म्हणाली, माह्या आजीनं. साहेबांनी दोघींचं बोलणं होऊ दिलं आणि मग फेरचौकशीचा शेरा मारला.

या खेपेला काकूंना आम्ही आधीच पढवून ठेवलं. पढवण्यात जरा जास्तच झालं. हवालदार मोटरसायकल स्टँडवर लावतात न लावतात तोच काकूंनी दारातूनच ओरडून सांगितलं की विदेशी बाई इथंच राहते, अन् पक्की विदेशी हाय, मी पयल्या दिवसापासून पाहून राहिली. अहवाल गेला. त्यानंतर तिकडच्या सरकारची मंजुरी, इकडचे शिक्के, पुन्हा तिकडचा एक कागद, यात नाकी नऊ आले. पण शेवटी तिनं शपथ घेतली, जुना पासपोर्ट दिला आणि ती भारताची झाली.

त्या संध्याकाळी तिनं आपल्या आईला फोन केला. आता मला तुझ्याकडे यायला व्हिसा लागणार, असं ती हसत हसत सांगायला लागली आणि मधेच रडायला लागली. पलीकडून तिची आईही. माझ्या आईला पोलिश एक अक्षर कळत नाही. तिनं टीव्ही बंद केला, उठून आत गेली आणि मलाही खुणेनं आत बोलावलं. माहेरशी बोलून राहिली, बोलू दे, म्हणाली.

एक गोष्ट आईला सांगायची राहिली होती. प्रमाणपत्र पासपोर्टातल्या नावानंच मिळालं होतं, आणि बाबूंनी बजावलं होतं की आता सगळीकडे हेच एक नाव ठेवा, दुसरं बंद करा, नाहीतर पुन्हा दोन बाया होतील. म्हणजे आईनं हौसेनं ठेवलेलं, गॅसपासून देवळापर्यंत पोचवलेलं नाव पुसायचं. राजपत्रात जाहिरात देऊन तेच नाव कायमचं करून घेता आलं असतं आणि आईनं हट्ट धरला असता तर मी तेही केलं असतं. मी आज सांगतो, उद्या सांगतो करत टाळत राहिलो. मला आईची भीती वाटते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, गल्लीत सगळ्यांनाच वाटते.

शेवटी बायकोनंच सांगितलं. दोघी ओसरीवर तूर निवडत होत्या. मी दारात उभा राहून ऐकत होतो, मधे पडायची वेळ आली तर पडावं म्हणून. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मी ठेवलेलं नाव कागदावर राहनार नाई?"

"नाई," बायको म्हणाली. "पन तुमी म्हनत असान तं बदलून घेते."

आईनं सुपातली तूर एकदा पाखडली.

"नको बदलू," ती म्हणाली. "दोघीतून एकीचं तरी राहिलं."